चंद्राचा विश्वासू साक्षी : योहान हेवेलियस

वाचकहो, चंद्र कोणी पाहिला नाही? शेतावरून परतताना, खळ्याची राखण करिताना, किंवा रात्रीच्या प्रार्थनासभेहून घरी जाताना तो आपणां सर्वांच्या डोक्यावर असतोच. त्याच्या अंगावर काळसर डाग आहेत हे लहान मूलही जाणते. कोणी त्यांत ससा पाहतो, कोणी हरिण पाहतो. परंतु ते डाग खरोखर कसे आहेत, त्यांच्या कडा कोठून निघून कोठे जातात, हे कागदावर काढून दाखवा, असे कोणी आपणांस म्हटले, तर आपला हात थांबेल. हजार वेळा डोळ्यांसमोर आलेली वस्तू आपण एकदाही नीट पाहिलेली नसते. ह्या अंकी आम्ही अशा एका गृहस्थांचे चरित्र देत आहो, की ज्यांनी आपल्या घराच्या छपरावर उभे राहून तोच चंद्र वर्षानुवर्षे पाहिला, आणि जे दिसले ते जसेच्या तसे कागदावर उतरविले. त्यांचे नाव योहान हेवेलियस.

युरोपाच्या उत्तरेस बाल्टिक समुद्राच्या काठी, व्हिश्चुला नदीच्या मुखाजवळ, डान्झिग नावाचे जुने व्यापारी शहर आहे. आज ते पोलंड देशात असून त्यास ग्दान्स्क म्हणतात. त्या काळी हे शहर पोलंडच्या राजाच्या छत्राखाली होते. तरी आपला कारभार ते आपणच पाहत असे. तेथील बहुतेक लोक जर्मन भाषा बोलत, आणि मार्टिन ल्यूथर यांनी १५१७ साली आरंभिलेल्या धर्मसुधारणेस अनुसरून उपासना करीत. ह्या शहरी ता. २८ जानेवारी १६११ रोजी योहानाचा जन्म झाला. पित्याचे नाव अब्राहाम व मातेचे कॉर्डुला. घर खाऊनपिऊन सुखी होते.

ह्या घराचा धंदा जवापासून बिअर नावाचे पेय तयार करण्याचा होता. दारूने उजाड झालेली घरे आमच्या वाचकांनी आपल्या डोळ्यांनी पाहिली आहेत, आणि आम्हीही पाहिली आहेत. म्हणून हे वाक्य लिहिताना आमची लेखणी अडखळली. तरी ज्या मनुष्याचा मुख्य गुण जे आहे तेच दाखविणे हा होता, त्याच्या चरित्रातून आम्हांस न रुचणारी गोष्ट गाळून टाकणे हे बरोबर झाले नसते. त्या देशी त्या काळी हा धंदा प्रतिष्ठेचा मानीत, आणि हेवेलियस यांच्या दुर्बिणींचा खर्च बहुतांशी त्याच मिळकतीतून चालला.

मुलाने पुढे व्यापार सांभाळावा अशी पित्याची इच्छा होती. व्यापाऱ्यास पोलिश भाषा यावी म्हणून योहानास लहानपणी काही काळ पोलंडातील एका खेड्यात ठेविले होते. नंतर डान्झिगच्या विद्यालयात पीटर क्रूगर नावाचे गणिताचे शिक्षक त्यास लाभले. हे गुरू मोठ्या योग्यतेचे होते. गणित व ज्योतिष शिकवून ते थांबले नाहीत. ज्यास आकाशाचे वेध घ्यावयाचे आहेत त्याने चित्र काढणे, तांब्यावर कोरणे, लाकूड व धातू यांची उपकरणे करणे, ही कामेही स्वतःच्या हातांनी करावयास शिकले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. मुलाने तो मानिला. श्रीमंताचा मुलगा असून तो सुताराची व सोनाराची हत्यारे हाताळू लागला. पुढील सर्व आयुष्यात त्यास जे यश आले, त्याचे मूळ ह्या हातकामात आहे.

१६३० साली योहान कायदा शिकण्यासाठी हॉलंड देशातील लायडन येथील विद्यापीठात गेले. तेथून इंग्लंड व फ्रान्स हे देश पाहून, तेथील विद्वानांच्या ओळखी करून, १६३४ साली ते घरी परतले. पुढच्या वर्षी कॅथरिना नावाच्या शेजारच्याच मुलीशी त्यांचा विवाह झाला. धंदा, घर, शहरातील मान, सर्व काही यथास्थित होते. लहानपणी शिकलेले ज्योतिष मागे पडले.

ते पुन्हा वर आले ते एका मरणोन्मुख मनुष्याच्या शब्दाने. १६३९ साली गुरू क्रूगर अखेरच्या दुखण्यात होते. त्यांनी आपल्या जुन्या शिष्यास बोलावून विनविले की, देवाने तुला जी बुद्धी व जे हात दिले आहेत ते फुकट दवडू नको. आकाशाचे वेध घेण्याचे काम हाती घे. त्याच वर्षीच्या जून महिन्याच्या आरंभी सूर्यग्रहण होते. शिष्याने त्याचा वेध घेतला, आणि थोड्याच दिवसांत गुरू निवर्तले. त्या वेळी हेवेलियस अठ्ठावीस वर्षांचे होते. गुरूचा तो शब्द त्यांनी सत्तेचाळीस वर्षे, म्हणजे मरेपर्यंत, पाळला.

कॅथरिना हिच्या माहेरची दोन घरे हेवेलियस यांच्या घराला लागूनच होती. ह्या तीन घरांच्या छपरांवर १६४१ साली त्यांनी लाकडी तक्तपोशी घालून एक मोठा गच्चीसारखा चौथरा करविला, आणि तीच त्यांची वेधशाळा झाली. राजाने बांधून दिलेली ती नव्हती. घराच्या वर, खाली धंद्याची भट्टी पेटलेली असता, एका गृहस्थाने आपल्या पैशाने उभारलेली ती जागा होती. दिवसा ते धंदा पाहत, शहराच्या न्यायसभेत बसत, आणि रात्र पडली म्हणजे शिडीने वर जात. धंद्याचा बराच भार कॅथरिनाने आपल्यावर घेतला. दुर्बिणीच्या काचाही हेवेलियस स्वतः घासून तयार करीत.

त्या काळी दुर्बिणीचा शोध लागून फार वर्षे झाली नव्हती. इटलीतील गॅलिलिओ याने १६०९ साली दुर्बीण चंद्राकडे लाविली, आणि तेथे डोंगर व खड्डे आहेत हे पुढच्या वर्षी जगास छापून सांगितले. त्याआधी पुष्कळ विद्वानांची समजूत अशी होती की चंद्र हा घासून पुसून स्वच्छ केलेल्या गोळ्यासारखा गुळगुळीत आहे. गॅलिलिओने काढलेली चित्रे मात्र थोडी व ढोबळ होती. चंद्राचा पुरता नकाशा त्यांवरून होण्यासारखा नव्हता. तो आपण करावा असे हेवेलियस यांनी मनात घेतले.

हे काम किती कठीण होते हे समजावे म्हणून थोडे विवेचन करितो. पौर्णिमेचा चंद्र सर्वांत सुंदर दिसतो. परंतु डोंगर पाहावयास तो सर्वांत वाईट. कारण त्या वेळी सूर्य चंद्राच्या त्या अंगावर समोरून प्रकाश टाकितो, आणि सावली कोठेच पडत नाही. भर दुपारी टेकडीचा चढउतार दुरून कळत नाही, पण सकाळी किंवा संध्याकाळी लांब सावल्या पडल्या म्हणजे बांध व खळगेही स्पष्ट दिसतात, हे शेतकऱ्यास सांगावयास नको. चंद्रावर उजेड व अंधार यांची जी सीमा असते, तेथे नेहमी सकाळ किंवा संध्याकाळ असते. म्हणून त्या सीमेवरच डोंगर नीट दिसतात. ही सीमा रोज थोडी थोडी सरकते. आज ज्या खड्ड्याची कड उठून दिसते, तो परवा उजेडात हरवून जातो. अष्टमीस पाहिले ते एकादशीस दिसत नाही. ते पुन्हा पाहावयास महिनाभर थांबावे लागते. आणि त्या रात्री ढग आले, तर दुसरा महिना.

दुसरी अडचण अशी की ही सीमा डोळ्यांदेखत हलते. चंद्राच्या मध्यभागी ती ताशी सुमारे १५ किलोमीटर चालते. चित्र काढावयास बसावे, तो सावलीचे टोक मागे सरते, आणि अंधारात एखादा ठिपका चमकू लागतो. तो डोंगराचा माथा होय; खालच्या मैदानावर अजून रात्र आहे, पण माथ्यावर सूर्य पोहोचला. आपल्या गावाजवळच्या डोंगरावर ऊन आधी शिखरावर येते व मग गावात उतरते, तसेच हे. म्हणून चित्रकाराने जलद काढावे लागते, पण घाईने काढून भागत नाही.

तिसरी अडचण दुर्बिणीची. हेवेलियस यांची दुर्बीण लांबलचक असली तरी तिची काच आजच्या मानाने साधारणच होती. तिच्यातून चंद्राचा थोडाच भाग एका वेळी दिसे, आणि कडांस रंग फुटत. त्यात भर डान्झिगच्या थंडीची. समुद्रावरचा बोचरा वारा, उघडे छप्पर, हातात लेखणी. हे काम मऊ अंथरुणाची आवड असणाऱ्याचे नव्हते.

अशा रीतीने १६४३ च्या अखेरीपासून त्यांनी महिन्यामागून महिने चंद्राच्या निरनिराळ्या कला काढिल्या. रात्री कागदावर चित्र काढावे, आणि दिवस उजाडल्यावर, डोळ्यांसमोरचे रूप ताजे आहे तोच, तेच स्वतःच्या हाताने तांब्याच्या पत्र्यावर कोरावे, असा त्यांचा क्रम होता. दुसऱ्या कारागिरास पैसे देऊन हे कोरीव काम करविता आले असते. पण कारागिराने आकाश पाहिलेले नसते. तो आपल्या मनाने रेघ सुंदर करितो. हेवेलियस यांस रेघ सुंदर नको होती, खरी पाहिजे होती.

ह्याच सुमारास फ्रान्सातील गासांदी नामक विद्वान, जे रोमन मंडळीचे पाळक होते, तेही चंद्राचा नकाशा करण्याच्या विचारात होते. हेवेलियस यांची चित्रे त्यांच्या पाहण्यात आली. त्यांनी आपला बेत सोडून दिला, आणि हे काम तुम्हीच तडीस न्या असे उत्तेजन ल्यूथरपंथी हेवेलियस यांस दिले. त्या दिवसांत जर्मनीमध्ये ह्या दोन पंथांच्या राजांचे तीस वर्षांचे भयंकर युद्ध चालू होते. अशा काळी एका पाळकाने आपला मान दुसऱ्या पंथाच्या मनुष्यास आनंदाने द्यावा, ही गोष्ट आम्हांस चंद्राच्या कोणत्याही डोंगराइतकीच पाहण्याजोगी वाटते.

१६४७ साली ग्रंथ छापून निघाला. त्याचे लॅटिन नाव सेलेनोग्राफिया, म्हणजे चंद्राचे वर्णन. त्यात चंद्राच्या सुमारे चाळीस कलांची चित्रे आहेत, आणि संपूर्ण चंद्राचे तीन मोठे नकाशे आहेत. चंद्र आपली एकच बाजू पृथ्वीकडे ठेवितो. तथापि तो किंचित डोलतो, आणि त्यामुळे कडेचा थोडा भाग कधी दिसतो, कधी लपतो. सर्व मिळून त्याच्या पृष्ठभागाचे शेकडा ५९ इतके दर्शन आपणांस होऊ शकते. हे डोलणेही त्यांनी आपल्या नकाशावर दाखविले. युरोपभर त्या ग्रंथाची कीर्ती झाली, आणि हेवेलियस यांचे नाव राजदरबारांपर्यंत गेले.

नकाशा केला म्हणजे नावे द्यावी लागतात. येथे हेवेलियस यांच्या स्वभावाचा एक सुरेख प्रकार दिसून येतो. प्रथम त्यांच्या मनात आले की चंद्रावरील स्थळांस प्रसिद्ध विद्वानांची नावे द्यावी. मग त्यांनी विचार केला, की एकास मोठा डोंगर दिला व दुसऱ्यास लहान दिला, तर जिवंत असलेल्यांत मत्सर उत्पन्न होईल. म्हणून तो बेत सोडून त्यांनी पृथ्वीवरील जुन्या भूगोलातील नावे चंद्रावर नेली. एका पर्वतरांगेस आल्प्स, दुसरीस अपेनाइन्स असे म्हटले. चंद्राच्या दक्षिण भागी जो तेजस्वी खड्डा आहे, व ज्यापासून पांढरे पट्टे चहूंकडे पसरलेले दिसतात, त्यास त्यांनी सीनाय पर्वत हे नाव दिले. मोशेने ज्या पर्वतावर आज्ञा स्वीकारिल्या, त्याचे नाव आकाशातील सर्वांत झळकणाऱ्या खुणेस द्यावे, हे शास्त्र वाचणाऱ्या घरात वाढलेल्या मनुष्यास सुचले, यात नवल नाही.

परंतु चारच वर्षांनी, १६५१ साली, इटलीतील जेझुइट पाळक रिच्चोली यांनी दुसरा नकाशा प्रसिद्ध केला, आणि त्यात स्थळांस विद्वानांचीच नावे दिली. जगाने तीच पत्करली. सीनाय पर्वत गेला. त्या खड्ड्यास आता टायको म्हणतात. हेवेलियस यांनी दिलेल्या शेकडो नावांपैकी आल्प्स, अपेनाइन्स अशी मोजकीच उरली आहेत. तथापि रिच्चोली यांनी एक न्याय केला. चंद्राच्या पश्चिम कडेजवळच्या, १०० किलोमीटरांहून अधिक रुंद अशा एका खड्ड्यास त्यांनी हेवेलियस हे नाव दिले, आणि ते आजही चालू आहे. मत्सर नको म्हणून ज्यांनी कोणाचेच नाव लिहिले नाही, त्यांचे नाव दुसऱ्याने लिहिले.

१६६२ साली कॅथरिना वारली. पुढच्या वर्षी हेवेलियस यांनी एलिझाबेथ नावाच्या एका व्यापाऱ्याच्या मुलीशी विवाह केला. वर बावन्न वर्षांचे व वधू सोळा वर्षांची होती. इतक्या अंतराचा विवाह आज आम्ही कोणास योग्य म्हणणार नाही. परंतु ही स्त्री विलक्षण निघाली. तिला स्वतःलाच आकाशाची ओढ होती. वेध घेण्याच्या मोठ्या पितळी यंत्राच्या एका अंगास पती व दुसऱ्या अंगास पत्नी, असे दोघे मिळून काम करीत. तसे त्यांचे चित्र १६७३ साली हेवेलियस यांनी आपल्या ग्रंथात छापून घेतले. आपल्या कामातील पत्नीचा वाटा त्यांनी लपविला नाही.

आता त्यांचा एक दोष सांगितला पाहिजे. ताऱ्यांची स्थाने मोजताना नुसत्या डोळ्यांनी नेम धरावा, की यंत्रावर दुर्बीण बसवून तिच्यातून धरावा, असा वाद त्या वेळी उपस्थित झाला. चंद्र पाहावयास हेवेलियस दुर्बीण वापरीत; परंतु ताऱ्यांचे माप घेताना मात्र आपला डोळाच बरा, असा त्यांचा हट्ट होता. १६७४ साली लंडनच्या रॉबर्ट हूक याने त्यांच्यावर कडक टीका प्रसिद्ध केली. १६७९ साली एडमंड हॅली हा बावीस वर्षांचा तरुण ज्योतिषी इंग्लंडहून दुर्बीण बसविलेले आपले यंत्र घेऊन डान्झिग येथे आला, आणि त्याने दोन महिने हेवेलियस यांच्या शेजारी बसून वेध घेतले. वृद्धाच्या डोळ्यांची अचूकता पाहून तो तरुण थक्क झाला, व त्याने तशी ग्वाही दिली. तरी पुढील काळाने हूकचेच म्हणणे खरे ठरविले. हेवेलियस यांनी आपल्या कौशल्यावर इतका भरवसा ठेविला, की नवीन साधन त्यांनी आपल्या कामी घेतलेच नाही. विश्वासूपणाच्या शेजारी हट्टाचे घर असते, आणि दोहोंमधली भिंत फार पातळ असते.

हॅली परत गेल्यावर थोड्याच आठवड्यांनी ते संकट आले. ता. २६ सप्टेंबर १६७९ रोजी हेवेलियस शहराबाहेर आपल्या बागेकडे गेले होते. रात्री घरास आग लागली. छपरावरची वेधशाळा, पितळेची यंत्रे, दुर्बिणी, घरातच चालविलेला छापखाना, कोरलेले ताम्रपट, यांचा मोठा भाग त्या रात्री नष्ट झाला. त्याच वर्षी छापलेल्या त्यांच्या एका मोठ्या ग्रंथाच्या बहुतेक सर्व प्रती जळाल्या. ज्या थोड्या आधीच मित्रांकडे गेल्या होत्या, तेवढ्याच वाचल्या. काही पुस्तके खिडक्यांतून बाहेर टाकून लोकांनी वाचविली. ताऱ्यांच्या यादीचे हस्तलिखित त्यांच्या तेरा वर्षांच्या मुलीने आगीतून बाहेर काढिले, असे सांगतात. ते गेले असते, तर तीस-चाळीस वर्षांच्या रात्री त्याबरोबर गेल्या असत्या.

हेवेलियस त्या वेळी अडुसष्ट वर्षांचे होते. हे वय नवे आरंभण्याचे नव्हे. आमच्यापैकी कित्येकांनी एका रात्रीत गंजी जळालेली, किंवा पुरात घर वाहून गेलेले पाहिले आहे. त्यांस सांगावयास नको की दुसऱ्या दिवशीची सकाळ कशी असते. त्या सकाळी मनुष्य देवाशी भांडतो, किंवा गप्प बसतो. ह्या वृद्धास दुःख झाले नाही असे नाही. आपल्या पत्रांतून त्यांनी ते मोकळेपणाने सांगितले. परंतु त्यांनी राखेवर बसून राहणे पत्करिले नाही. पोलंडचे राजे यान सोबिएस्की यांचा त्यांस आधार होता, आणि इतर मित्रांनीही हात दिला. घर पुन्हा उभे राहिले. दोन वर्षांच्या आत त्याच जागी वेधशाळा बांधून ते पुन्हा वेध घेऊ लागले. यंत्रे पूर्वीइतकी मोठी नव्हती व हातही पूर्वीचे नव्हते. पण रात्र पडली म्हणजे शिडीवर पाऊल पडे.

ता. २८ जानेवारी १६८७ रोजी, आपल्या शहात्तराव्या वाढदिवशीच, ते निवर्तले. डान्झिगमधील सेंट कॅथरिन ह्या मंदिरात त्यांस मूठमाती दिली. ताऱ्यांची यादी अजून छापली गेली नव्हती. ते काम एलिझाबेथने हाती घेतले. १,५६४ ताऱ्यांची ती यादी व आकाशाचे नकाशे तिने नीट तयार करून १६९० साली प्रसिद्ध केले. त्यातील सात नवे तारकासमूह ज्योतिषी आजही मानितात. १६९३ साली तीही मरण पावली, व पतीजवळच तिला पुरले.

आता ह्या चरित्रातून आम्ही काय घ्यावे? हेवेलियस यांनी चंद्राविषयी दोन प्रकारच्या गोष्टी लिहिल्या. एक, जे त्यांनी पाहिले ते. दुसरी, जे त्यांना त्यावरून वाटले ते. काळ्या डागांस त्यांनी समुद्र, उपसागर, सरोवरे अशी नावे दिली, कारण त्या काळी पुष्कळांस तेथे पाणी असावे असे वाटे. पाणी तेथे नव्हते. ते फार प्राचीन काळी वितळून पसरलेल्या व थिजलेल्या खडकाचे मैदान आहे. १९६९ साली माणसे त्यावर चालली, आणि तेथील दगड घेऊन आली. म्हणजे त्यांची समजूत चुकली, त्यांची नावे बहुतेक पुसली गेली, त्यांची यंत्रे जळाली, आणि चंद्राच्या मोठ्या नकाशाच्या ताम्रपटाचे पुढे कोणी चहाचे तबक केले अशीही एक गोष्ट सांगतात. परंतु त्यांची चित्रे टिकली. आज तीनशे पंचाहत्तर वर्षांहून अधिक काळानंतर, कोणीही साधी दुर्बीण घेऊन अष्टमीच्या रात्री अंगणात उभा राहिला, तर हेवेलियस यांनी रेखाटलेली ती पर्वतरांग त्याच जागी आढळते. जे पाहिले ते त्यांनी वाढविले नाही व घटविले नाही, म्हणून ते राहिले.

गावोगावच्या आमच्या उपदेशक बंधूंस ही गोष्ट विशेष सांगावीशी वाटते. महिन्याच्या अखेरीस आपण अहवाल लिहितो. सभेस बारा माणसे आली असता लेखणी वीस लिहू पाहते, कारण वरच्यांस वीस आवडतील असे वाटते. एखाद्या घरी भांडण झाले, ते आपण गाळतो, कारण ते मंडळीस शोभत नाही. ह्यात लबाडी आहे असेही आपणांस वाटत नाही. आपण फक्त रेघ थोडी सुंदर करितो. आम्ही स्वतः ह्या पत्राकरिता लिहितानाही हाच मोह अनुभवितो, आणि प्रत्येक वेळी त्यातून सुटलो असे म्हणवत नाही. परंतु जो आपणांस साक्ष देण्यास पाठवितो, त्यास आपल्या सजावटीची गरज नाही. बारा असतील तर बारा लिहावे, आणि त्या बारा जणांची नावे ठाऊक असावी. आपली मते चुकतील, आपले बेत फसतील, आपली नावे गाव विसरेल. खरे पाहून खरे लिहिलेले मात्र पुढच्या मनुष्याच्या उपयोगी पडते.

आणि ज्याचे काम एखाद्या आगीत गेले असेल, त्यास इतकेच सांगू, की डान्झिगच्या वृद्धाने अडुसष्टाव्या वर्षी नवी शिडी करविली.

शेवटी एक सूचना. येत्या शुक्ल अष्टमीस सायंकाळच्या प्रार्थनेनंतर मुलांस अंगणात घेऊन बसावे. दुर्बीण नसली तरी चालेल. प्रत्येकास एक कागद व पेन्सिल द्यावी, आणि चंद्रावरचे डाग जसे दिसतात तसे काढावयास सांगावे. ससा काढू नका, हरिण काढू नका, जे दिसते ते काढा, असे बजावावे. ज्याने चंद्र व तारे नेमिले, त्याची कृती क्षणभर नीट पाहणे हाही उपासनेचाच एक भाग आहे. मग ते कागद जपून ठेवावे, आणि पुढील महिन्याच्या अष्टमीस पुन्हा काढावे. दोन्ही कागद शेजारी ठेविले म्हणजे, आपण पहिल्या वेळी किती थोडे पाहिले होते, हे मुलांबरोबर मोठ्यांसही कळून येईल.